डेअरीतली फॅट आणि पाकिटावरची फॅट

 धारा काढून, भाकऱ्या उरकून, हातातलं काम घडीभर बाजूला ठेवून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या ताया, वैनी, काकू आणि आज्यांना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आजचा आपला विषय आहे फॅट. शब्द इंग्रजी असला तरी तो आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. सकाळी डेअरीवर दूध घातलं की यंत्रातून चिठ्ठी निघते. त्या चिठ्ठीवर आपण आधी काय बघतो? लिटर बघतो आणि फॅट बघतो. गायीच्या दुधाला साडेतीन लागली, म्हशीच्या दुधाला सहा-सात लागली, की जीव भांड्यात पडतो. फॅट घसरली की दर घसरला, आणि मग घरी येऊन आपण पेंड बदलायची का याचा विचार करतो. डेअरीत फॅट म्हणजे पैसा.

पण हीच फॅट दवाखान्यात गेल्यावर वैरी होते. डॉक्टर सांगतात, तेल-तूप कमी करा, फॅट कमी करा. आणि दुकानात गेलं की ज्या पाकिटावर ‘फॅट फ्री’ नाहीतर ‘लो फॅट’ लिहिलंय त्याची किंमत शेजारच्या साध्या पाकिटापेक्षा जास्त असते. म्हणजे गंमत बघा. दुधात फॅट असली तर जास्त पैसे, आणि बिस्किटात नसली तर जास्त पैसे. या कोड्यात आमचा गट चांगलाच फसला. कसा फसला ते आधी सांगतो, कारण आमच्यासारखी चूक तुमच्या गटानं करू नये.

मागच्या वर्षी आमच्या मासिक बैठकीला एक विक्रेते आले. त्यांच्याकडं ‘लो फॅट डाएट बिस्किटं’ होती. शंभर ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत ४५ रुपये, गटाला ३७ रुपयांना. विकलं की पाकिटामागं ८ रुपये सुटणार. पाकीट दिसायला छान, वर गव्हाची ओंबी, कमरेला टेप लावलेली बाई. विक्रेते म्हणाले, शुगरवाले, बीपीवाले, वजनवाले सगळे घेतील. आम्ही विचार केला, लोकांची तब्येत सुधारेल आणि गटालाही चार पैसे मिळतील. १२० पाकिटं घेतली. बचतीतले ४,४४० रुपये घातले.

आमच्या गटात एक काकू आहेत. वय पन्नाशीच्या पुढं. शिबिरात तपासणी झाली, त्यात त्यांना शुगर निघाली, चरबीही वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिरायला सांगितलं आणि तेलकट कमी करा म्हणाले. काकू शब्दाच्या पक्क्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर बंद केली. शेंगदाण्याची चटणी बंद केली. सकाळची भाकरी आणि ताकसुद्धा बंद केलं, कारण ताक दुधाचं आणि दुधात फॅट. त्याऐवजी त्या आमच्याकडची बिस्किटं खायला लागल्या. सकाळी अर्ध्याला थोडी कमी, संध्याकाळी उरलेली, असं करत दोन दिवसांत एक पाकीट संपायचं. महिन्याला १५ पाकिटं, म्हणजे ६७५ रुपये. शेतमजुरी करणाऱ्या बाईला हे पैसे काही थोडे नाहीत.

तीन महिन्यांनी परत तपासणी झाली. साखर उतरली तर नव्हतीच, उलट वाढली होती. वजन दोन किलोनं वाढलं होतं. काकूंनी एकही गोळी चुकवली नव्हती. बैठकीत त्या म्हणाल्या, “मी तर तोंड बांधूनच राहिले होते गं. फॅट नसलेलंच खात होते.” त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. पण ती पाकिटं आम्हीच त्यांना विकली होती, आणि प्रत्येकामागं ८ रुपये घेतले होते. त्या रात्री आमच्यापैकी बऱ्याच जणींना झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना बोलावलं. त्यांनी काही भाषण केलं नाही. एक पाकीट मागितलं, एक ताटली मागितली, साखरेचा डबा आणि चहाचा चमचा मागितला. मग पाकीट उलटं केलं. आम्ही १२० पाकिटं विकायला घेतली होती, पण मागची बाजू एकीनंही वाचली नव्हती.

मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं. शंभर ग्रॅममध्ये फॅट अडीच ग्रॅम. म्हणजे पुढं लिहिलेलं खोटं नव्हतं. पण त्याच्याच वरच्या ओळीत लिहिलं होतं, साखर ३२ ग्रॅम. ताई म्हणाल्या, चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण चार ग्रॅम साखर. मग मोजा. आणि त्यांनी ताटलीत एक, दोन, तीन करत आठ चमचे साखर टाकली. एवढी साखर एका पाकिटात. काकू दिवसाला अर्धं पाकीट खायच्या, म्हणजे दिवसाला चार चमचे. महिन्याची बेरीज केली तर जवळजवळ अर्धा किलो. चहातली साखर त्यांनी बंद केली होती, आणि बिस्किटातून ती पोटात जात होती. शिवाय उरलेला मोठा भाग मैद्याचा. मैदासुद्धा पोटात गेल्यावर लवकर साखरच होतो.

आता प्रश्न असा पडतो की कंपनी एवढी साखर घालते कशाला? याचं उत्तर आपल्या दिवाळीच्या फराळात आहे. शंकरपाळ्याला मोहन कमी पडलं तर काय होतं? दगड होतात. करंजी खुसखुशीत होते ती मोहनामुळं. फॅट पदार्थाला मऊपणा देते, खुसखुशीत करते, चव जिभेवर टिकवते. ती काढून घेतली की पदार्थ कोरडा, कडक, बेचव होतो आणि तो कुणी घेत नाही. मग ती जागा भरायला साखर घालतात, साखरेचा पाक घालतात, पिठूळ पदार्थ घालतात, थोडं मीठ जास्त घालतात.

दह्याचंही तसंच. साय काढलेल्या दुधाचं दही जरा पातळ लागतं हे आपल्याला माहीत आहे. दुकानातलं फळांच्या चवीचं फॅट फ्री दही मात्र घट्ट असतं. ते घट्ट दिसावं म्हणून त्यात बऱ्याचदा दूध पावडर, स्टार्च नाहीतर घट्टपणा आणणारे दुसरे पदार्थ घालतात, आणि चव यावी म्हणून साखर. फॅट गेली खरी, पण तिच्या जागी पाहुणे कोण आले ते पुढच्या बाजूला लिहीत नाहीत.

ताई हसत म्हणाल्या, “साखरेच्या पोत्यावर फॅट फ्री असं लिहिलं तर ते खरंच असेल, कारण साखरेत फॅट नसतेच.” खरं आहे. गोळ्या-चॉकलेटातल्या साध्या लिमलेटच्या गोळीतही फॅट नसते. म्हणून ती काय औषध झाली?

ही फसगत फक्त आपल्या खेड्यातल्या बायकांची होते असं समजू नका. अमेरिकेत चांगली शिकलेली माणसं अशीच फसली. तिथं १९७७ साली त्यांच्या संसदेच्या एका समितीनं लोकांना सांगितलं, फॅट कमी खा. त्याच कागदात साखरही कमी खा, फळं, भाज्या आणि धान्य जास्त खा, असं लिहिलेलं होतं. पण बाजारानं उचललं ते फॅटचं. १९९२ साली नॅबिस्को नावाच्या मोठ्या कंपनीनं ‘स्नॅकवेल्स’ नावाची फॅट नसलेली गोड बिस्किटं आणली. ती इतकी खपली की दुकानांत माल पुरेना. लोकांना वाटलं, यात फॅट नाही, मग कितीही खा. एकाच्या जागी पाच-पाच खाल्ली. वजनं काही कमी झाली नाहीत. ‘आरोग्याचं’ म्हणून लिहिलेलं पाहून माणूस जास्त खातो, या सवयीला तिथले आहारतज्ज्ञ त्या बिस्किटाच्याच नावानं ओळखायला लागले. आपल्या काकूंनी जे केलं ते तिथं लाखो लोकांनी केलं होतं.

मग डॉक्टर चुकीचं सांगतात का? अजिबात नाही. एक ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम साखरेतून, पिठातून किंवा डाळीतल्या प्रथिनांतून ४. म्हणजे तेलात दुपटीहून जास्त. म्हणून ज्यांना वजन आणि चरबी कमी करायची त्यांनी तेलकट कमी केलंच पाहिजे. पण त्यासाठी फॅट काढून साखर भरलेलं पाकीट विकत आणायची गरज नाही. ज्यात मुळातच फॅट कमी आहे, असं अन्न आपल्या घरात आहे. आज आम्हाला एवढीच गोष्ट सांगायची आहे.

ताकापासून सुरुवात करू. काकूंनी जे पहिलं बंद केलं, तेच खरं म्हणजे चालू ठेवायचं होतं. दही रवीनं घुसळलं की लोणी वर येतं. ते आपण काढून घेतो, कढवतो, तूप करतो. म्हणजे दुधातली बहुतेक फॅट लोण्याच्या गोळ्याबरोबर गेली. खाली राहिलेल्या ताकात फॅट अगदी थोडी. दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं मात्र बऱ्यापैकी ताकातच राहतात. तुमची आजी पहाटे घुसळत होती तेव्हा तिला फॅट फ्री हा शब्द माहीत नव्हता, पण काम तेच होत होतं, आणि तिला जागा भरायला साखर लागत नव्हती. ताकात जिरं, कोथिंबीर, आलं टाका. बीपी असेल तर मीठ अगदी चिमूटभर. मात्र एक लक्षात ठेवा. नुसतं दही पाणी घालून हलवलं आणि लोणी काढलंच नाही, तर ते पातळ दही झालं. त्यातली फॅट त्यातच राहिली.

आता डाळी आणि कडधान्यं. शंभर ग्रॅम कच्च्या मसूर डाळीत आणि हुलग्यात एक ग्रॅमसुद्धा फॅट नसते. मूग डाळ, तूर डाळ, मटकी यांच्यात एक ते दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जे ‘लो फॅट’ म्हणून आपण ४५ रुपयांना विकत होतो, त्यापेक्षाही कमी फॅट आपल्या डाळीच्या डब्यात होती. वर प्रथिनं आणि चोथा. हुलग्याचं माडगं, मुगाचं कढण, मोडाची मटकी, साधं वरण हे सगळं यात आलं. हरभऱ्याची डाळ आणि फुटाणे यांत पाच ग्रॅमच्या आसपास असते, तीही काही जास्त नाही.

धान्यात ज्वारी, गहू, नाचणी यांच्यात दोन ग्रॅमपेक्षा कमी. बाजरीत जरा जास्त, पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणूनच बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. भाकरीचं मोठेपण असं, की ती करताना तेलाचा थेंब लागत नाही. पाणी, पीठ आणि हाताचा जोर. चपातीला लावलेलं आणि पराठ्याला सोडलेलं तेल आपण मोजत नाही, भाकरीत मोजायचं कामच नाही.

भाज्या आणि फळं तर बोलायलाच नको. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, घोळ, शेवग्याच्या शेंगा, दोडका, गवार, काकडी, मुळा, गाजर यांत फॅट नावापुरती. पेरू, पपई, बोरं, आवळा यांतही तेच. बांधावरच्या घोळीला कुणी जाहिरात करत नाही, म्हणून तिची किंमत कमी होत नाही. मांसाहार करणाऱ्या मैत्रिणींनी कोंबडीची कातडी काढून रस्सा करावा, म्हणजे बरीच फॅट कमी होते. अंड्याच्या पांढऱ्या भागात फॅट जवळजवळ नसते. पण लेकरांना पिवळा बलकही द्या, त्यांना तो लागतो.

इथं दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, मुळात कमी फॅट असलेला पदार्थ आपण स्वयंपाकघरात तेलकट करू शकतो. मूग डाळीचं वरण कमी फॅटचं, तिचीच भजी नाही. मटकीची उसळ कमी फॅटची, पण वर दोन बोटं तर्री आली की तिचा गुण गेला. दुसरी, कमी फॅट म्हणजे कितीही खा असं नाही. चुरमुऱ्यात फॅट जवळजवळ नसतेच, पण ते तांदळाचे आहेत, शुगर असलेल्या माणसाला ते परातभर चालत नाहीत. मूठभर घ्या, त्यात फुटाणे, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर मिसळा, म्हणजे पोटही भरतं आणि साखर एकदम चढत नाही.

आणि प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट, असंही आम्ही म्हणत नाही. पिशवीतल्या दुधाचं उदाहरण घ्या. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असते, टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. टोन्ड आणि डबल टोन्ड दुधात फॅट कमी केलेली असते, पण तिच्या जागी साखर घातलेली नसते. ते जरूर घ्या. घरचं दूध तापवून, गार करून, साय काढून घेतली तरी तसंच काम होतं. प्रश्न फॅट काढण्याचा नाही. काढून त्या जागी काय भरलं, हा प्रश्न आहे.

ते कळण्यासाठी पाकीट वाचायला शिकायचं. आमच्या गटात चौथी शिकलेल्या मैत्रिणीसुद्धा आता हे करतात. अक्षर बारीक असेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला वाचायला लावा. पद्धत सांगतो.

आधी पाकीट उलटं करा. पुढची बाजू जाहिरातीची, मागची बाजू हिशेबाची.

मग घटकांची यादी बघा. कायद्यानं ज्याचं वजन जास्त तो घटक आधी लिहावा लागतो. पहिल्या तीन नावांत साखर असेल तर तो पदार्थ गोडाचाच समजा, मग वर काहीही लिहिलेलं असो.

साखर वेगळ्या नावानंही येते. लिक्विड ग्लुकोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप ही सगळी तिचीच भावकी. माल्टोडेक्स्ट्रीन हे स्टार्चपासून करतात, ते रक्तात साखरेसारखंच झटकन चढतं.

नंतर शंभर ग्रॅमचा तक्ता बघा. त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दिलेली असते. आकड्याला चारनं भागा, म्हणजे किती चमचे ते कळेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे सहा चमचे. यात आपल्या चहाची साखरही आली.

शेवटी फॅटचा आकडा. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणं शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम किंवा त्याहून कमी फॅट असेल तरच ‘फॅट फ्री’ लिहिता येतं. ‘लो फॅट’ लिहायचं तर ३ ग्रॅमच्या वर जाता येत नाही. हे नियम फॅटपुरतेच आहेत. ‘लो फॅट’ लिहिलेल्या पाकिटात साखर किती असावी, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. तसंच तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’चं. शेंगदाणा, करडई, सोयाबीन कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. जे कधी नव्हतंच ते नाही म्हणून सांगायचं, असा तो प्रकार.

आता कुणी म्हणेल, मग फॅट बंदच करून टाकू. तसंही करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी फॅट लागतेच. पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी म्हणूनच योग्य. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची फॅट कधीही कमी करू नका. त्याच्या मेंदूची वाढ चाललेली असते, त्याला सायीचं दूध, भातावर तूप द्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या लेकी-सुनांनी मनानं तेल-तूप तोडू नये. शेंगदाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास फॅट आहे, तिळातही तेवढीच किंवा थोडी जास्त, आणि सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर. पण दाणे, तीळ हे नुसती फॅट नाहीत, त्यात प्रथिनं आहेत, तिळात कॅल्शियम आहे. मूठभर दाणे खा, वाटीभर नको. काकूंना आता ताईंनी रोज एक चमचा शेंगाची चटणी परत चालू करायला सांगितली आहे, आणि त्या दिवशी काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता.

तेल मोजायची आमची युक्ती सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराच्या सूचना दिल्या. त्यातल्या नमुन्याच्या ताटात एका माणसाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे चहाचे पाच-साडेपाच चमचे. पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलोच्या आसपास झालं. आता तुमच्या घरात महिन्याला किती तेल येतं ते आठवा. आम्ही मोजलं तेव्हा काहींच्या घरात सहा-सात किलो निघालं. मग आम्ही असं ठरवलं, की महिन्याचं तेल एका डब्यात काढायचं, डब्यावर चार आठवड्यांच्या चार रेघा मारायच्या आणि आठवड्याची रेघ ओलांडायची नाही. फोडणीला बाटली तिरपी करायची नाही, चमचाच घ्यायचा. एवढ्यानंच बऱ्याच घरांत किलोभर तेल वाचलं. डॉक्टरांनी ‘फॅट कमी करा’ म्हटलं होतं ते हे.

काकूंचं आता काय चाललंय? सकाळी ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि लोणी काढलेलं ताक. चार वाजता भूक लागली की मूठभर फुटाणे, नाहीतर एक पेरू. रात्री भाकरी, वरण किंवा माडगं, सोबत काकडी-मुळा. ४५ रुपयांच्या पाकिटात दोन दिवस भागायचे, तेवढ्या पैशात आमच्या बाजारात पाव किलोच्या वर फुटाणे येतात आणि ते आठवडाभर पुरतात. गोळ्या आणि फिरणं चालूच आहे. पुढच्या तपासणीत साखर उतरलेली निघाली, वजनही थोडं कमी झालं. हे काही एकट्या ताकानं झालं असं आम्ही म्हणणार नाही. आणि हे ऐकून कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. कुणाला किडनीचा त्रास असेल तर डाळी-कडधान्यं किती खायची, हेही डॉक्टरांनाच विचारा.

राहिला प्रश्न आमच्या गटाच्या पैशाचा. ५२ पाकिटं शिल्लक होती. विक्रेत्यांनी परत घ्यायला नकार दिला. काही मैत्रिणी म्हणाल्या, शेजारच्या गावात विकून टाकू. त्यावर काकूच बोलल्या, “तिथल्या बायका काय कुणाच्या काकू नाहीत?” मग तो विषय तिथंच संपला. १,९२४ रुपये आम्ही सगळ्यांनी वाटून घेऊन सोसले, बचतीला तोशीस लागू दिली नाही.

आता आमचा गट आठवडी बाजारात ज्वारीच्या लाह्या, मोडाची मटकी आणि ताक विकतो. लाह्यांच्या पिशवीवर काय छापायचं, यावर बैठकीत पुन्हा वाद झाला. एक वैनी म्हणाल्या, आपणही ‘फॅट फ्री’ लिहू, लोक त्यावरच जातात. पण ज्वारीत दीड-पावणेदोन ग्रॅम फॅट असतेच, म्हणजे नियमानं ते खोटं झालं असतं. ‘लो फॅट’ लिहिता आलं असतं, पण तसा दावा करायचा तर तपासणी करून घ्यायला हवी, आणि त्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकावरच पडणार. म्हणून आमच्या पिशवीवर घटक एवढेच लिहिले आहेत: ज्वारी, मीठ. खपतात. बायका पिशवी हातात घेतात, उलटी करतात, वाचतात. तसं वाचायला त्यांना आम्हीच शिकवलं, तेव्हा आता आम्हालाही खोटं लिहायची सोय राहिली नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक रिकामं पाकीट घेऊन या. बिस्किटाचं, टोस्टचं, पोरांच्या पावडरीचं, कुठलंही. एक ताटली आणि चहाचा चमचा ठेवा. मागची बाजू वाचा आणि साखर मोजून ताटलीत टाका. त्याच्या शेजारी एक तांब्या ताक आणि एक वाटी मोडाची मटकी ठेवा. बाकी काही सांगावं लागणार नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर तेलाच्या डब्यावर रेघ मारायला विसरू नका. नमस्कार.